पियानोचा आवाज निवडताना

घरच्या संगणकावर गाण्याचं संयोजन करताना माझा सर्वाधिक वेळ पियानोचा आवाज निवडण्यात जातो, आणि तो सत्कारणी लागतो असं मला वाटतं. सिंथचा एखादा नवा आवाज कसा वाजायला हवा हे कुणीच ठरवलेलं नसतं. पियानो मात्र ऐकणाऱ्याच्या कानात आधीच बसलेला असतो, त्यामुळे त्यातला कृत्रिमपणा लगेच उघडा पडतो.

पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते. जोर वाढला की आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगही बदलतो. हातोडीवरचं फेल्ट दबून कडक होतं आणि वरचे स्वरांश उजळतात. म्हणून एकच सॅम्पल, म्हणजे ध्वनिमुद्रित नमुना, लहानमोठं करून पियानो तयार होत नाही. अलेक्झांडर होल्म यांनी यामाहा सी ५ या ग्रँड पियानोवरून केलेला ‘सॅलॅमँडर’ हा सॅम्पलचा संच, म्हणजे लायब्ररी, मोफत मिळतो. त्यात दर तिसरी पट्टी 16 वेगवेगळ्या जोरांनी, म्हणजे 16 थरांत, ध्वनिमुद्रित केलेली आहे आणि मधल्या पट्ट्यांसाठी शेजारचा आवाज अर्धा स्वर वर-खाली सरकवला जातो. की-बोर्डकडून संगणकाकडे जाणाऱ्या मिडी संदेशांत मात्र जोराच्या 127 पायऱ्या असतात, म्हणजे एकेका थराला साधारण आठ पायऱ्या येतात. फ्रान्समधल्या मोदार्त कंपनीच्या ‘पियानोटेक’मध्ये मुळात सॅम्पलच नाहीत. हातोडी, तार आणि लाकूड यांचं गणित तिथल्या तिथे सोडवून आवाज तयार होतो, त्यामुळे थर बदलल्याचा सांधा जाणवत नाही.

नवा पियानो हाती आला की मी त्यावर गाणं वाजवत नाही. मध्य सप्तकातला एकच स्वर अगदी हलक्या बोटानं सुरू करून हळूहळू जोर वाढवत नेतो. कुठे आवाज अचानक उजळला तर सांधा सापडतो. मग खर्जातला एक स्वर दाबून धरतो आणि पूर्ण विरेपर्यंत ऐकतो. हा शेवट घाईनं कापलेला असेल तर संथ गाण्यात तो उघडा पडणारच. त्यानंतर पेडल. खऱ्या पियानोत पेडल दाबलं की सगळे डँपर उचलले जातात आणि न वाजवलेल्या ताराही गुंजू लागतात. ज्या लायब्ररीत हे गुंजन नाही, तिथे पेडलनं स्वर फक्त लांबतो, भरत नाही.

एवढं सगळं जमलं तरी निवड संपत नाही, कारण पियानो एकटा वाजणार नसतो. भावगीतात डग्गा आणि पियानोचा डावा हात खालच्या पट्टीत एकाच जागेसाठी भांडतात. तिथे मी डावा हात विरळ करतो आणि खालच्या कंपनसंख्या थोड्या छाटतो. पियानोला मींड घेता येत नाही. ती गायकाकडेच राहू द्यावी आणि पियानोनं ओळींमधल्या मोकळ्या जागा भराव्यात. मग भव्य, चकचकीत ग्रँडपेक्षा मऊ आवाज अधिक शोभतो. बऱ्याच अपराइट पियानोंत मधलं पेडल दाबलं की हातोडी आणि तारांच्या मध्ये फेल्टची पट्टी येते. त्या आवाजाच्या लायब्ररी आता सहज मिळतात, आणि फक्त गायकाचा आवाज व पियानो एवढंच असलेल्या गाण्यात मी त्याच वापरतो.

आणखी एक गोष्ट की-बोर्डची. हलक्या पट्ट्यांच्या की-बोर्डवर बोट नकळत जोरात पडतं, त्यामुळे लायब्ररीतले वरचेच थर वाजत राहतात आणि उत्तम पियानोही कर्कश वाटू लागतो. बोटाच्या कोणत्या जोराला कोणता थर वाजेल हे ठरवणारा वेलॉसिटी कर्व्ह जुळवला की त्याच लायब्ररीतले हळुवार थर ऐकू येऊ लागतात.

म्हणून नव्या मित्रांना माझं सांगणं एवढंच: पैसे खर्च करण्याआधी आपला कर्व्ह जुळवा, ‘सॅलॅमँडर’ उतरवून घ्या आणि त्यावर मनापासून हळू वाजवायला शिका. मग निवड करायची ती पियानो एकटा ऐकून नव्हे, गायकाच्या आवाजाखाली ठेवून करा. ज्या पियानोमुळे शब्द अधिक स्पष्ट ऐकू येतात, तोच त्या गाण्याचा पियानो.