एकशे चाळीस क्विंटल

‘आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं’ हे वाक्य आपण प्रत्येक निरोप समारंभात ऐकतो. टाळ्या पडतात, कुणाचे तरी डोळे भरून येतात आणि पुढचा वक्ता उठतो. चिमटा किती रुपयांचा, कुणाच्या पोटाला आणि किती वर्षं, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरापुरतं ते सांगते.

मी आदिलाबादकडची. मुंबईत ओळख करून दिली की प्रश्न ठरलेला, “म्हणजे तू तेलुगू?” १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा आमच्या जिल्ह्यातले किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले. पैनगंगेच्या दक्षिणेची आमची गावं आंध्रात राहिली, आता तेलंगणात आहेत. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि हिंदी. शाळा मात्र मराठी माध्यमाची. बाबा मार्केट यार्डात हमाल आहेत. आई आमच्या तीन एकरांत राबते आणि वेचणीच्या दिवसांत दुसऱ्यांच्या शेतातही जाते.

दादा इंजिनिअर झाला आणि त्याला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळाला. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी घेत नाहीत. “फुकट हाय म्हणते,” असं आईनं गल्लीत सांगूनही टाकलं. मग ब्लॉक अकाउंट हा शब्द घरात आला. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे ११,९०४ युरो आधीच खात्यात भरून दाखवायचे. तिकडे गेल्यावर त्यातले महिन्याला ९९२ युरो हातात मिळतात.

बाबांना युरो समजेना. म्हणाले, “कापसात सांग.”

मी मोबाइलवर हिशेब केला. युरो नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे झाले पावणेअकरा लाख. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे एकशे चाळीस क्विंटलच्या वर. आमच्या कोरडवाहू तीन एकरांत चांगल्या पावसाला वीसेक क्विंटल निघतो. सात वर्षांचा सगळा कापूस, तोही बियाणं, खत, फवारणी आणि आमचं जेवण न धरता. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बँकेत जाऊन येऊ.”

बँकेत कळलं की साडेसात लाखांच्या वर तारण पाहिजे आणि शेतजमीन तारण म्हणून चालणार नाही. घर गावठाणातलं, नोंदणीचे कागद नाहीत. कमी कर्ज घ्यावं तर पगारदार जामीनदार हवा, आणि आमच्या नात्यात महिन्याचा पगार कुणालाच नाही. राज्य सरकारची महात्मा ज्योतिबा फुले यांच्या नावाची बीसी विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची योजना आहे, वीस लाखांपर्यंत मदत मिळते. मात्र पहिला हप्ता तिकडे पोचल्याचा कागद दाखवल्यावर आणि दुसरा पहिल्या सेमिस्टरच्या निकालानंतर. म्हणजे ती मिळणाऱ्यालाही विमानात बसेपर्यंतचा खर्च आधी स्वतःच उभा करावा लागतो. दादाचं तर यादीत नाव आलं नाही.

शेवटी एक एकर विकलं. तरी कमी पडले, तेव्हा आईची पोत आणि माझ्यासाठी थोडं थोडं करून जमवलेलं दोन तोळे सोनं गहाण गेलं.

मी म्हटलं, “द्या, पण वहीत लिहा.” काका चिडले, “भावा-बहिणीत कसला हिशेब?” बाबांनी मात्र वही काढली. “यार्डात न लिहिलेलं पोतं कोणाचंच नसते,” एवढंच म्हणाले. एक एकर, आईची पोत, माझे दोन तोळे अशा तीन ओळी आणि पुढे तारखा.

धनंजय कीर यांच्या चरित्रात वाचलं होतं, रामजी आंबेडकर भीमाच्या पुस्तकांसाठी लग्न झालेल्या मुलींकडून पैसे मागत, नाहीतर त्यांचे दागिने मागून गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून देत. मंजुळा आणि तुळसा या त्या बहिणी. १९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड. शिष्यवृत्ती आपण भाषणात सांगतो. बहिणींचे दागिने क्वचितच कुणी सांगतं.

दादा आता दुसऱ्या सेमिस्टरला आहे. परदेशी विद्यार्थ्याला तिथे वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं. तो एका गोदामात खोकी उचलतो. बाबांना त्यानं हे सांगितलं तेव्हा ते हसले, “इंजिनिअर करून बी हमालच केला का मी?” आईला अजून सांगितलेलं नाही.

आपल्या मंडळातलेही काही जण परदेशी अर्ज भरत असतील. जरूर भरा. फक्त त्याआधी एकदा घरच्यांसोबत बसा आणि पैसे कुठून येणार, काय विकलं जाणार, कुणाचं शिक्षण किंवा लग्न पुढे ढकललं जाणार, हे कागदावर मांडा. ‘त्याग’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबतं. आकडे लिहिले की निदान काय परत करायचं आहे ते कळतं.

दादाला नोकरी लागली की आधी पोत सुटेल, मग माझे दोन तोळे, असं ठरलं आहे. मला बी.एड. करून आमच्याकडच्या मराठी शाळेत शिकवायचं आहे. त्याचा खर्च मी वहीत चौथी ओळ म्हणून आत्ताच लिहून ठेवला आहे.

(द्वितीय वर्ष, कला शाखा)