नाभीच्या दोन्ही अंगांचे पूल

देवास जिल्ह्यातल्या खातेगाव तहसिलीत रेल्वेचा एकही जुना पूल नाही. रेल्वेच तिथे कधी आली नाही, तर पूल कुठून येणार! तरीही नर्मदेवरच्या रेल्वेपुलांचा विचार करायला ही जागा चांगली आहे. खातेगावच्या दक्षिणेला नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर वसले आहे, समोरच्या तीरावर हंडिया. नेमावरला परमारकालीन सिद्धनाथाचे देऊळ, हंडियाला रिद्धनाथाचे. या दोन गावांमधल्या पात्राला नर्मदेची नाभी मानतात. या नाभीपासून नदीच्या उताराकडे गेले की मोरटक्क्याचा पूल लागतो आणि उगमाकडे गेले की होशंगाबादचा, म्हणजे आजच्या नर्मदापुरमचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेल्वेने नर्मदा या दोन ठिकाणी ओलांडली. मधला खातेगाव-नेमावरचा तीर मात्र जसा होता तसा राहिला.

खरे तर नदी ओलांडण्याचा मान आधी या मधल्या तीराकडे होता. बुऱ्हाणपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटेवर हंडियाचा उतार होता. अकबराच्या काळात हंडिया हे एका सरकाराचे, म्हणजे महसुली विभागाचे ठाणे होते, इतके त्याचे महत्त्व. पुढे मराठ्यांच्या फौजाही माळव्यात शिरल्या त्या नर्मदेचे असे उतार गाठूनच. पावसाळ्यात नदी फुगली की दोन्ही तीर तुटत. दसऱ्यानंतर पाणी ओसरले की घोडी पात्रात घालता येत. थोरल्या बाजीरावांचा शेवटही याच नदीच्या काठी रावेरखेडीला, २८ एप्रिल १७४० रोजी, झाला. उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला हा उंबरठा ओलांडण्यासाठी माणसांनी शतकानुशतके नदीच्या मर्जीची वाट पाहिली.

रेल्वेला अशी वाट पाहणे परवडणारे नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग भुसावळ, खांडवा, हरदा, इटारसी असा पुढे सरकत गेला आणि ७ मार्च १८७० रोजी जबलपूरपाशी कलकत्त्याकडच्या मार्गाला मिळाला. खांडव्यापासून इटारसीपर्यंत हा मार्ग नर्मदेच्या दक्षिणेनेच जातो. त्यामुळे हरद्याला स्थानक आले. हंडियापासून ते वीसेक किलोमीटरवर. खातेगाव, कन्नोद, नेमावर हा मुलूख तेव्हा होळकरांच्या संस्थानात होता. तिथल्या माणसाला आगगाडी धरायची तर आधी नर्मदा पार करून इंग्रजी हद्दीत जावे लागे.

होळकरांच्या राजधानीला मात्र रेल्वे मिळाली, आणि ती फुकट मिळाली नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खांडवा-इंदूर मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत १०१ वर्षे. संस्थानिक सावकार आणि सार्वभौम सरकार ऋणको, असा हा उफराटा व्यवहार होता. १८७० च्या आसपास सुरू झालेल्या या कर्जाची मुदत १९७० च्या घरात संपणार होती. संस्थान त्याआधीच, १९४८ साली, मध्य भारतात विलीन झाले. कर्जाचा करार झाला त्याच सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या काळात काटकसरीसाठी मीटरगेजचे धोरण ठरले होते आणि होळकर रेल्वे त्याच मापाची झाली. म्हणून खांडव्याला मुंबईकडचे रूळ १,६७६ मिलिमीटर रुंदीचे, तर इंदूरकडचे १,००० मिलिमीटरचे. प्रत्येक पोते एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवावे लागे. ही काटकसर पुढे दीडशे वर्षे महागात पडली, असेच म्हणावे लागते.

खांडवा ते सनावद हा पहिला टप्पा १ डिसेंबर १८७४ रोजी सुरू झाला. पुढे नदी होती. मोरटक्क्याचा पूल ५ ऑक्टोबर १८७६ रोजी तुकोजीरावांच्या हस्ते खुला झाला आणि त्याला होळकर-नर्मदा पूल असे नाव मिळाले. दगडी खांबांवर लोखंडी गर्डरांचे चौदा गाळे, प्रत्येक गाळा सुमारे दोनशे फुटांचा. या पुलाची खरी गंमत त्याच्या दोन मजल्यांत होती. वरून आगगाडी जाई आणि रुळांच्या खालून गाडीरस्ता. वर इंजिनाची धडधड आणि खाली बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा नाद, अशी दोन युगे एकाच लोखंडी सांगाड्यात एकमेकांच्या अंगावरून जात. ओंकारेश्वरच्या यात्रेकरूंना या पुलाने मोठी सोय केली. स्थानकाचे नावच पुढे ओंकारेश्वर रोड झाले.

नदी ओलांडल्यावर विंध्याचा चढ लागतो. कालाकुंड ते पातालपाणी या घाटात चढाचे प्रमाण चाळीसास एक इतके आहे, आणि चोरल नदीच्या घळींवर एकामागून एक पूल आणि बोगदे आहेत. इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या तंट्या भिल्लाला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला फाशी दिल्यावर त्याचा देह याच घाटात आणून टाकला, असे लोक सांगतात. रुळांशेजारी त्याचे ठाणे आहे. तिथे गाडी क्षणभर थांबवून शिटी वाजवायचा चालकांचा रिवाज होता. रेल्वेच्या कुठल्या नियमपुस्तकात हा थांबा असेल असे वाटत नाही. पण नियमपुस्तकातले कित्येक थांबे विसरले गेले, हा टिकला.

वरच्या अंगाचा होशंगाबादचा पूल भोपाळच्या हिश्शाचा. तिथे शाहजहान बेगमच्या कारकिर्दीत दरबाराचा पैसा ओतला गेला आणि १८८४ मध्ये भोपाळ-इटारसी मार्ग सुरू झाला. इंदूरने पैसे दिले तिथे एक पूल, भोपाळने पैसे दिले तिथे दुसरा. फौजांच्या काळात नदीचा उथळपणा पाहून वाट ठरे, रेल्वेच्या काळात ती तिजोरी पाहून ठरली. हंडियाचा उतार कितीही जुना आणि सोयीचा असला तरी त्याच्या मागे राजधानी नव्हती. एक बाजू संस्थानाच्या कडेचा परगणा, दुसरी इंग्रजी जिल्ह्याची कड. अशा सीमेवर कोणी गर्डर टाकत नाही.

या उपेक्षेतून तीराला एक वेगळी शांतता लाभली. काळी जमीन, गव्हाची आणि सोयाबीनची शेते, उंच दरडींमधून वाहणारे रुंद पाणी आणि नेमावरच्या घाटावर अमावास्येची गर्दी. परिक्रमेच्या वाटेवर तर पुलाला काही किंमतच नाही. परिक्रमावासी नर्मदा मध्ये कुठेही ओलांडत नाही. नदी उजव्या हाताला ठेवून तो एका तीराने समुद्रापर्यंत जातो आणि दुसऱ्या तीराने परततो. मोरटक्का आणि होशंगाबाद येथे त्याची वाट रुळांना आडवी जाते, पूल त्याच्या डोक्यावरून जातो. महाराष्ट्रातून दरवर्षी या वाटेवर येणाऱ्यांना नेमावर आणि हंडिया ही दोन्ही गावे भेटतात, पण त्यांच्यामध्ये महिने जातात.

धरणांच्या काळात पाण्याने रेल्वेवर उलटा दावा सांगितला. इंदिरासागर जलाशयात २००४ साली हरसूद गाव उठले. त्याबरोबर खांडवा-इटारसी मार्गाचा तलवडिया ते खिरकियापर्यंतचा जुना भागही सोडून द्यावा लागला आणि रूळ छनेराकडून वळवले गेले. दीडशे वर्षांपूर्वीची वाट, तिच्या मोऱ्या आणि भराव जलाशयाच्या स्वाधीन झाले. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री याच पट्ट्यात, हरद्याजवळ माचक नदीच्या भागात, अचानक आलेल्या पाण्याने रुळांखालचा भराव वाहून नेला. कामायनी एक्स्प्रेस आणि मुंबईकडे येणारी जनता एक्स्प्रेस काही मिनिटांच्या अंतराने घसरल्या आणि तीसच्या आसपास माणसे दगावली. मोठ्या नदीवरचे भव्य पूल सगळ्यांच्या नजरेत असतात. त्यांची देखरेख होते, छायाचित्रे निघतात. जीव घेतात त्या बहुधा ओढ्यावरच्या अनाम मोऱ्या.

मीटरगेजचा निरोपही होऊन गेला. महू ते ओंकारेश्वर रोड ही गाडी २०२३ च्या सुरुवातीला बंद झाली. पातालपाणी-कालाकुंड घाटात डिसेंबर २०१८ पासून पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी धावू लागली, एवढीच त्या मार्गाची जुनी ओळख शिल्लक आहे.

आणि आता खातेगावची पाळी आली आहे. इंदूरजवळच्या मांगलियागावपासून बुदनीपर्यंत सुमारे २०५ किलोमीटरच्या नव्या ब्रॉडगेज मार्गाचे काम चालू आहे. तो कन्नोद आणि खातेगावहून जाणार आहे. वाटेत नाले आणि छोट्या नद्या ओलांडाव्या लागतील, तहसिलीच्या वाट्याला पहिल्यांदाच रेल्वेपूल येतील. पण बुदनीही उत्तर तीरावरच आहे, त्यामुळे हा मार्ग नर्मदा कुठेच ओलांडत नाही. खातेगावच्या माणसाला हरद्याला जायचे असेल तर नेमावर-हंडियाच्या सडकेच्या पुलावरूनच जावे लागेल.