सासूबाईंचं गंगाळ



माझा नातू यंदा बारावी सायन्सला आहे. आजीला कळलं म्हणजे आपल्याला आलं, असा त्याचा हिशोब, त्यामुळे प्रत्येक धडा आधी मला ऐकावा लागतो. मी बी.कॉम. झालेली, माझं विज्ञान दहावीलाच सुटलं. परवा धडा होता लाटांच्या व्यतिकरणाचा.

नाव जड आहे, पण गोष्ट सोपी. दोन लाटा एका जागी आल्या की त्यांची बेरीज होते. उंचवट्यावर उंचवटा आला तर पाणी आणखी चढतं. उंचवट्यावर तेवढाच खळगा आला तर ती जागा सपाट. आपल्या भंडाऱ्यात तळ्यांना तोटा नाही, दोन खडे टाकून बघा. थॉमस यंग नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवलं की प्रकाशाचंही असंच होतं. उजेडात उजेड मिळवला की काही पट्ट्यांत चक्क अंधार!

मी लगेच विचारलं, "मग तिथला उजेड गेला कुठे?" जमाखर्चाची सवय जात नाही. तो म्हणाला, "आजी, काळ्या पट्टीत जो कमी पडतो, तो शेजारच्या उजळ पट्टीत जमा असतो. एकूण तेवढाच." हे मात्र मला नीट कळलं.

शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवानांच्या दर्शनाला गेलेल्यांना औंढा नागनाथ ठाऊक असेल. त्याच भागात, हिंगोली जिल्ह्यात, लायगो-इंडिया नावाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्या, त्यांत लेझरचा प्रकाश दुभागून सोडायचा आणि परत आल्यावर दोन्ही भाग एकमेकांना जवळजवळ खोडतील असं जुळवायचं. दूर आकाशात दोन कृष्णविवरं आदळली की नळ्यांच्या लांबीत अतिसूक्ष्म फरक पडतो, खोडण्याचं गणित बिघडतं आणि उजेड बदलतो. अमेरिकेतल्या अशाच यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 ला ते पहिल्यांदा टिपलं.

मग नातवाने आवाजाचं सांगितलं. एक स्वर सेकंदाला 256 कंपनांचा, दुसरा 258 चा; दोन्ही एकदम वाजले की आवाज सेकंदाला दोनदा चढतो, दोनदा उतरतो. "मोठं पितळी भांडं आहे का? कड्यांचं? कड्यांमुळे काठ सगळीकडे सारखा राहत नाही, म्हणून दोन जवळजवळचे स्वर निघतात."

मी गप्प झाले. भांडं होतं. सासूबाईंचं गंगाळ, भंडाऱ्याच्याच कारागिराने घडवलेलं. लग्न होऊन आले तेव्हा त्यावर पळी लागली की वँव-वँव असा आवाज बराच वेळ फिरत राही, आणि सासूबाई म्हणत, "बोलू दे तिला." वाटणीत ते धाकट्या जाऊकडे गेलं. मला हवं होतं. त्यावरून जे झालं ते लिहीत नाही. तीन वर्षं आम्ही एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो आणि बोलत नाही. दर क्षमावाणीला मोबाईलवर दोनशे जणींना "उत्तम क्षमा" पाठवते, त्यात तिचा नंबर नसतो. घरात भांडण नाही म्हणून मी शांतता समजत होते. पण नातू आणि तिची नात एकाच शिकवणीला वेगवेगळ्या रस्त्याने जातात, हे मला त्याच संध्याकाळी कळलं.

"काकूआजीकडे आहे ना ते?" त्याने सरळ विचारलं.

मी पदर सारखा केला आणि गेले. दार तिनेच उघडलं. गंगाळ कशाला हवं ते नातवानेच सांगितलं. तिने ते पलंगाखालून काढलं, पदराने पुसलं. चिंच लावून घासलेलं दिसत होतं. खोटं कशाला बोलू, माझ्याकडे असतं तर इतकं लखलखतं राहिलं नसतं. कड्या वाजू नयेत म्हणून दोघींनी एकेक धरली. नातवाने लाकडी पळीने कडीजवळ वाजवलं, मग थोडं सरकून, मग त्या दोन जागांच्या मधोमध.

वँव... वँव... वँव. तो मोबाईलच्या घड्याळात मोजत होता. आम्ही दोघी मोजत नव्हतो.

"ताई, सूर्यास्ताला अजून वीस मिनिटं आहेत," ती म्हणाली, "चहा टाकते."


मी कडी सोडली नाही. आवाज अजून चालू होता.