एक चाक चाकोरीत

ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याकडच्या पाणंदींना जी चाकोरी पडते, ती पाहिल्याशिवाय कळायची नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर ओल्या काळ्या रानातून ये-जा करतात. मग ऊन लागतं आणि ती माती विटेसारखी कडक होते. गाडीची दोन्ही चाकं त्या चाकोरीत बसली तर फारशी काळजी नसते. समोरून बैलगाडी आली, की तिला वाट द्यायला एक चाक वर काढावं लागतं. एक चाक धुऱ्यावर, दुसरं खाली. गाडीची खरी परीक्षा तिथं होते. माझ्या धंद्याचीही.

मी लातुरात गाड्यांचं खालच्या अंगाचं काम करतो. पाटे, शॉकअप, बुश, लिंक रॉड. हात बसला नांदेडला, एका उस्तादांकडे. गाडी आत घ्यायच्या आधी ते गिऱ्हाइकाला विचारायचे, “पहिले रस्ता बोलो, गाडी बाद में दिखाव.” तेव्हा मला ती त्यांची लहर वाटायची.

गेल्या काही वर्षांत पोरं थार घेऊन येतात. २०२० साली नवी थार आली आणि आमच्या भागातल्या आडतवाल्यांच्या, बागाईतदारांच्या दारात ती दिसू लागली. मग कुणी ती उंच करतो, कुणी रुंद टायर घालतो. उंच झाली की वळणावर कलते. कलली की पोरगा येतो, “काका, मागं जाड बार टाकून द्या.”

हा बार म्हणजे स्टॅबिलायझर. इंग्रजी ‘यू’च्या आकाराची स्प्रिंग पोलादाची सळई. मधला भाग दोन रबरी बुशांत चेसिसला धरलेला, दोन्ही टोकं लिंक रॉडनं डाव्या-उजव्या चाकाच्या अंगाला जोडलेली. दोन्ही चाकं एकदम वर उचलली गेली, तर बार बुशांत नुसता फिरतो, काही बोलत नाही. एकच चाक उचललं, की त्याला पीळ बसतो आणि तो दुसऱ्या चाकालाही वर ओढतो. वळणावर गाडी सरळ राहते ती यामुळे. १९१९ साली कॅनडातल्या स्टीफन कोलमन नावाच्या माणसाला याचं पेटंट मिळालं. आम्ही ज्या जुन्या, पुढं-मागं पाट्यांच्या जीपांवर शिकलो, त्यांना मात्र हा बार नव्हता. त्या हायवेला होडीसारख्या डुलायच्या आणि रानात घोरपडीसारख्या चिकटून चालायच्या.

एकाच सळईचे हे दोन गुण. डांबरावर जो सांभाळतो, तोच चाकोरीत नडतो. एक चाक धुऱ्यावर चढलं की बार म्हणतो, दुसऱ्यानंही वर यावं. ते चाक खाली मातीला टेकायला हवं, तेव्हाच अधांतरी होतं आणि गरगर फिरतं. दगडगोट्यांच्या वाटेवर डाव्या चाकाचा धक्का उजव्या बाजूलाही जातो. माणसाचं डोकं या खिडकीवरून त्या खिडकीवर.

आणि ‘थोडा जाड’ ही भाषा इथं चालत नाही. बाकी सगळं तेच ठेवलं तर सळईचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. २२ मिलिमीटरच्या जागी २५ चा बार घातला तर डोळ्याला तीनच मिलिमीटरचा फरक, पण ताठपणा सुमारे ६७ टक्क्यांनी जास्त. कॅलिपरवर नखाएवढं अंतर, रस्त्यावर गाडीचा स्वभावच दुसरा.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नवा गॅरेजवाला होतो तेव्हा एका ओळखीच्या गिऱ्हाइकाच्या हट्टानं त्याच्या गाडीला मागं जाड बार बसवून दिला. पुढचा होता तसाच. कोरड्या रस्त्यावर दोघंही खूश. पहिल्या पावसात तो माहूरला देवीला निघाला आणि घाटातल्या ओल्या वळणावर गाडीची पाठ सुटली. कठड्याला घासून थांबली, कुणाला काही झालं नाही. ताठ बार पुढं असला तर पुढची चाकं आधी घसरतात. गाडी वळायला कुरकुरते, पण चालवणाऱ्याला इशारा मिळतो. मागं असला तर इशारा बहुधा मिळत नाही. तो बार मी स्वतः काढला, पैसे परत केले. त्या रात्री उस्तादांचा प्रश्न आठवला. मी गाडी पाहिली होती, रस्ता विचारलाच नव्हता.

कलणाऱ्या प्रत्येक गाडीला बारच हवा असतो, असंही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या दिवसांत गावोगाव पिकअपवर प्लॅस्टिकची टाकी बांधून पाणी विकणं, वाटणं चालू होतं. एक पिकअपवाला आला: वळणावर गाडी पडेल असं वाटतं, बार टाका. मी टाकीवर कान ठेवून त्याला गाडी हलवायला सांगितली. अर्धी टाकी. पाणी आधी एका भिंतीवर आदळायचं, मग दुसऱ्या. “मालक, टाकी भरून आणा, नाहीतर रिकामी आणा. अर्ध्या पाण्याला माझ्याकडं बार नाही.”

परवा अहमदपूरकडचा एक तरुण आला. लातूरच्या मार्केट यार्डात आडत, शेत गावाकडं. गाडी दुसरीकडून दोन इंच उंच करून आणलेली. मागणी तीच, मागं जाड बार. मी विचारलं, “रोजचा रस्ता सांगा.” सत्तरेक किलोमीटर चौपदरी हायवे आणि शेवटचे तीन किलोमीटर पाणंद. परत तेवढंच.

पुढचं उजवं चाक लाकडी ठोकळ्यांवर चढवलं, एकावर एक. पाचव्या ठोकळ्याला त्याच बाजूचं मागचं चाक इतकं हलकं झालं, की त्यानं ते हातानं फिरवून पाहिलं. मग गाडी खाली घेतली आणि लिंक सोडल्या. दोन्ही चाकं सारख्या उंचीवर असतानाच त्या सोडायच्या. एक चाक लोंबकळत असताना मी पूर्वी एकदा नट काढला होता. पीळ बसलेला बार उसळला आणि अंगठ्यावर आला. ते नख अजून तिरकं वाढतं. लिंक सोडल्यावर सातव्या ठोकळ्यालाही चाक जमीन सोडेना.

“मग बार काढूनच टाका की काका.”

“आणि हायवेला?”

शेताच्या तोंडाशी उतरून पिन काढायची, बार बांधून ठेवायचा, परतताना पुन्हा जोडायचा, अशा लिंकही मिळतात. जीपच्या रुबिकॉनला तर हे काम बटणावर होतं. पण चिखलात रोज दोनदा खाली वाकणारा माणूस मी अजून पाहिला नाही. एक दिवस तो जोडायचं विसरणार आणि तसाच हायवेला लागणार.

त्याच्या गाडीचं दुखणं वेगळंच होतं. उंची वाढवणाऱ्यानं लिंक जुन्याच ठेवल्या होत्या. त्यामुळं बारचे हात खाली ओढले गेले होते, बुश एका कडेनं खाल्ले होते. बार जाड नव्हता की बारीक नव्हता, त्याला नीट काम करायला जागाच नव्हती. वाढलेल्या उंचीच्या मापाच्या लिंक घातल्या, बुश नवे घातले. बुशांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. बार कंपनीचाच ठेवला.

बिल पाहून तो थोडा हिरमुसला. “नवीन काही दिसंना की काका.” मित्रांना दाखवायला खरंच काही नव्हतं.

पंधरा दिवसांनी तो सर्व्हिसिंगला आला. गाडी धुवायला घेण्याआधी मी खाली वाकलो. उजव्या चाकांना हबपर्यंत चिखल, डाव्यांना नुसता टायरच्या खाचांत. म्हणजे वाट द्यायला एक बाजू वर काढली होती. अधांतरी फिरलेलं चाक चिखल फेकून देतं आणि टायर घोटल्यासारखा चमकतो. चारही टायर हात लावून पाहिले. चारही टायरांच्या खाचांत काळी माती घट्ट बसली होती.