जि. कुलाबा

मु. वरंध, ता. महाड, जि. कुलाबा. आमच्या घरातल्या पोरांना बाराखडी नीट येण्याआधी हा पत्ता घडाघडा म्हणता यावा, असा आजीचा दंडक होता. कर्ते पुरुष सगळे परळ-लालबागला गिरणीत. घरी बायका, म्हातारी माणसं आणि आम्ही चुलत-आतेभावंडं. दर महिन्याची मनिऑर्डर याच पत्त्यावर यायची. पत्रं वाचून दाखवणं आणि उत्तरं लिहिणं हे आमचं काम. आजी ओटीवर सूप पाखडत मजकूर सांगायची: लावणी आटपली, पडवीचं छप्पर गळतंय, धाकट्याची खोकल्याची बाटली धाडून द्या. "खाली पत्ता नीट घाल," हे शेवटचं वाक्य प्रत्येक पत्राला ठरलेलं, जणू गिरणीतले काका आपलं घर विसरणार होते.

पत्त्यातला कुलाबा मात्र घरात कुणी पाहिलेला नव्हता. तो अलिबागच्या समुद्रातला किल्ला, आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं, ओहोटी असली की तिथं चालत जाता येतं, एवढं गुरुजींनी शिकवलं होतं. डोंगराच्या कुशीत वाढलेल्या आम्हाला ते खोटंच वाटायचं. आमच्यापर्यंत समुद्र पोचायचा तो सुकट-बोंबलाच्या टोपलीतून. जिल्ह्याची कचेरी शंभरावर किलोमीटर लांब. अलिबागला जाणं म्हणजे कुणाचं तरी जमिनीचं भांडण फारच वर गेलं, असं समजायचं.

खरा जिल्हा आमचा आम्हीच आखलेला होता. त्याची एक हद्द वरंधा घाटाच्या माथ्यावर. पलीकडे भोर, म्हणजे १९४८ पर्यंत पंतसचिवांचं संस्थान. संस्थान विलीन होऊन तीस वर्षं लोटली तरी घाट चढून गेलेल्या माणसाबद्दल आजी "संस्थानात गेलाय" असंच म्हणायची. आमची थोरली आते तिकडेच दिलेली. तिच्याकडे जाताना वाघजाईपाशी उतरायचं, देवीला हात जोडायचे, टाक्यातलं गार पाणी प्यायचं. तिथंच कावळ्या किल्ला आहे, घाटरस्त्यानं मधोमध कापलेला. रस्त्यासाठी किल्ल्याचे दोन तुकडे केले याचं आम्हाला तेव्हा काहीच वाटलं नाही, आता वाटतं. हवा स्वच्छ असली की त्यावरून रायगड दिसायचा, आणि तो आधी कुणाला दिसला यावरून मारामाऱ्या व्हायच्या.

दुसरी हद्द शिवथरघळीची. दासबोध तिथं लिहिला गेला असं मानतात. धुळ्याच्या शंकरराव देवांनी १९३० साली ही जागा शोधून काढली, म्हणजे आजोबांच्या तरुणपणात ती नुसतीच धबधब्यामागची घळ होती. "आमी गुरं घेऊन जायचू थयसर," एवढंच ते सांगत. दासनवमीला मात्र घरातून शिधा जायचा. तिसरी हद्द पोलादपूरची. ते तेव्हा तालुका नव्हतं, महाल होता. त्याच्याकडचं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं, म्हणून आमच्या खेळात तानाजी व्हायचा मान तिकडून आलेल्या मावसभावाला, वाद न घालता.

महाड मात्र आम्हाला अर्धंच सांगितलं गेलं. रायगडाच्या गोष्टी रोज रात्री, पाचाडच्या जिजाऊंच्या समाधीची हकिगत तर पाठच. चवदार तळ्याचं नाव आमच्या माजघरात कधी निघालं नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो माणसांसह त्या तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात ते पुन्हा आले तेव्हा बोटीनं दासगावला उतरले, आणि २५ तारखेला महाडात मनुस्मृती जाळली गेली. हे सारं आमच्या बाजाराच्या गावात झालं होतं, आजोबांच्या हयातीत झालं होतं. आम्हाला ते कळलं हायस्कुलात, बाकावर शेजारी बसणाऱ्या दासगावच्या मुलाकडून. त्याच्या घरी ती रोजची गोष्ट होती. घरी येऊन विचारलं तर आजोबांनी चिलीम झटकली आणि गुरांना पाणी दाखवलं का, असं उलट विचारलं. कुळवाड्याचं घर आमचं, खोताच्या नावानं बोटं मोडणारं. पण आपल्याहून खाली कुणी आहे, हे त्यालाही सोयीचंच होतं.

१ जानेवारी १९८१ ला, अंतुले मुख्यमंत्री असताना, कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. आम्ही हरखलो. आमच्या तालुक्यातला गड अख्ख्या जिल्ह्याचं नाव झाला होता! आजीची एकच शंका, "मनिऑर्डर चुकायची न्हाय ना?" पोस्टमन म्हणाला, दोन्ही चालतं. ती मरेपर्यंत कुलाबाच लिहायला लावत राहिली. कचेरी मात्र अलिबागलाच राहिली. मनिऑर्डर काही चुकली नाही. ती बंद झाली पुढच्या वर्षी, १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा. काका वळकटी घेऊन परत आले आणि चार माणसांच्या भातात नऊ जेवू लागली. मग आम्ही एकेक करून मुंबई, पुणे, वसई असे निघालो. आमच्यात थोरल्याच्या दाखल्यावर कुलाबा आहे, शेंडेफळाच्या दाखल्यावर रायगड. दोघंही त्याच माजघरात, त्याच सुइणीच्या हातून जन्मलेले.

२२ जुलै २०२१ ला संध्याकाळनंतर टीव्हीवर पट्टी फिरू लागली: रायगड जिल्ह्यात दरड. तो जिल्हा उरणपासून पोलादपूरपर्यंतचा. महाडात पुराचं पाणी, गावाकडचे फोन लागेनात. भावंडं रात्रभर एकमेकांना विचारत होतो: कुठला तालुका, कुठली वाडी? गाव तळिये निघालं, आमच्याच महाड तालुक्यातलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. आतेला आता नीट ऐकू येत नाही. तिनं आमच्याकडून गावाचं नाव तीनदा म्हणवून घेतलं, आणि मग तिथं दिलेल्या मुलींची नावं घेत एकेकीच्या माहेरी फोन लावायला सांगितलं.