झांकलेला विस्तव

विस्तव कसा पेटवावा हें शिकविणारे पुष्कळ भेटतात. तो कसा विझवावा हें शिकविणारे थोडे. गेल्या हिंवाळ्यांत चिरंजीवांकडे कॅलिफोर्नियांत राहण्याचा योग आला, तेव्हां ह्या दुसऱ्या शिक्षणाचें महत्त्व आमच्या मनावर चांगलेंच ठसलें.

त्या प्रांताच्या आग्नेय टोंकास, मेक्सिकोच्या सरहद्दीजवळ, इंपीरियल सँड ड्यून्स नांवाच्या वाळूच्या टेकड्या आहेत. हा पट्टा ४० मैलांहून अधिक लांब आहे. रस्ता सोडून वाळूंतून मोटारी व रुंद चाकांच्या फटफट्या पळविण्याची हौस असलेले लोक थंडीच्या दिवसांत तेथें हजारोंनीं जमतात. दिवसभर यंत्रांचा कल्लोळ. सूर्य मावळला कीं जो तो शेकोटीभोंवतीं. वाळवंटांतली रात्र फार गार, तेव्हां त्या ऊबेचें सुख काय वर्णावें!

परंतु ही शेकोटी मनास येईल तशी पेटवितां येत नाहीं. त्या प्रांतांत संघसरकारच्या मोकळ्या जमिनीवर विस्तव करण्यास परवाना लागतो. तो विनामूल्य मिळतो. भोंवतालचा पांच फुटांतील पालापाचोळा काढावा, फावडें जवळ असावें, जाणतें माणूस सतत शेजारीं असावें, ह्या त्याच्या अटी. अशा ठिकाणीं खिळे असलेलीं लांकडें जाळूं देत नाहींत. कारण लांकूड जळून जातें, खिळे वाळूंत राहतात, आणि पुढें कोणाच्या टायरांत नाहीं तर तळपायांत शिरतात. गाड्यांच्या धुराड्यांसहि ठिणग्या अडविणारी जाळी लागते.

अलीकडे पुष्कळ कुटुंबें पायांची पोलादी शेगडी बरोबर आणतात. राख तिच्या तळाशींच राहते व पुरती थंड झाल्यावर उचलून नेतां येते. दुसरी शेगडी प्रोपेन गॅसवर चालते. तिची चावी फिरविली कीं ज्वाला संपली. मागें निखारा नाहीं कीं राख नाहीं. म्हणूनच वणव्याच्या दिवसांत लांकडांच्या शेकोट्या बंद झाल्या, तरी परवानाधारकाला हिची मुभा बहुधा असते.

आम्ही पोंचलों त्याच्या दुसऱ्या सकाळीं आमचा आठ वर्षांचा नातू अनवाणी धांवत गेला आणि किंकाळी फोडून खालीं बसला. रात्रीं मुक्काम करून पहांटेस निघून गेलेल्या कोणा मंडळींनीं आपल्या शेकोटीवर वाळू लोटली होती. वरून जागा सपाट व निरुपद्रवी दिसे. चार बोटें खालीं निखारे रसरसत होते. पोराच्या दोन्ही तळव्यांस फोड आले. पंधरा दिवस त्याला पाऊल टेकतां आलें नाहीं. सूनबाई संतापून म्हणाल्या, “झांकली नसती, तर निदान दिसली तरी असती!”

ह्या एका वाक्यांत सारें मर्म आलें. निजण्यापूर्वीं चुलींतला निखारा राखेंत पुरून ठेवणें हा आमच्या मातोश्रींचा शेवटचा उद्योग असे. पहांटे त्या राख बाजूस सारीत, फुंकणीनें फुंकीत, आणि विस्तव जागा होई. झांकल्यानें विस्तव मरत नाहीं, उलट टिकतो, हें त्या पुरतेपणीं जाणून होत्या. वाळू राखेचेंच काम करते. अग्निहोत्री प्रवासास निघतांना अग्नीचें अरणींत समारोपण करीत, त्याला मागें बेवारस सोडीत नसत, ह्यांतील मर्महि आम्हांस त्या दिवशीं नव्यानें उमगलें.

वाळवंटांत पोळतात ते पाय. रानांत डोंगर जळतात. २०१३ सालीं ह्याच प्रांतांत ‘रिम फायर’ नांवाचा वणवा अडीच लाख एकरांहून अधिक पसरला. एका शिकाऱ्याची बेकायदा शेकोटी हातांबाहेर गेली, असा वनखात्याच्या चौकशीचा निष्कर्ष होता.

विझविण्याची रीत सोपी आहे. पाणी ओतावें, राख ढवळावी, पुन्हां ओतावें, आणि हाताची पालथी बाजू जवळ नेऊन ऊब उरली नाहीं अशी खात्री करावी. वाळवंटांत पाणी दुर्मिळ, म्हणून पिण्याच्या पाण्याबरोबरच विस्तवाच्या वांट्याचेंहि घरूनच न्यावें. तेवढें न्यावयाचें नसेल, तर चावीची शेगडी बरी.

मुलांकडे परदेशीं जाणाऱ्या वाचकांस असल्या मुक्कामाचा योग येईलच. परवाना पाहणारा अधिकारी पहांटे तेथें नसतो. पण आपण उठून गेल्यावर त्या जागीं कोणाचें तरी मूल अनवाणी येणार असतें.