मोडनिंबचे डाळिंब, ग्रानादाचे घर

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील मोडनिंब हे पुणे-सोलापूर महामार्गावरचे आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरचे बाजाराचे गाव. एके काळी बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरीच्या यात्रेकरूंना घेऊन येथूनच जात असे. आसपासच्या माळरानावर बोर आणि डाळिंब पिकते. स्पॅनिश भाषेत डाळिंबाला ‘ग्रानादा’ म्हणतात, आणि याच नावाचे एक प्राचीन शहर दक्षिण स्पेनमध्ये आहे. त्याच्या नगरचिन्हावरही डाळिंबच आहे. १५३१ साली स्थापन झालेल्या तेथील विद्यापीठात देशोदेशींचे विद्यार्थी स्पॅनिश शिकण्यासाठी येतात आणि त्यांतील अनेकजण ठरावीक शुल्क देऊन स्थानिक कुटुंबात राहतात.

मोडनिंबच्या पेठेतील एखाद्या जैन घरातली मुलगी अशा कुटुंबात उतरते, तेव्हा व्याकरणाआधी तिची गाठ ताटाशी पडते. मसूर आणि हरभरा या धान्यांची तेथे वाण नाही; परंतु मसुरीच्या आमटीत बहुधा मांसाचे तुकडे असतात. बटाट्याच्या प्रसिद्ध ‘तोर्तिया’त अंडी असतात. टोमॅटोच्या थंडगार ‘गास्पाचो’त लसूण असतो. तेथे नुसते ‘शाकाहारी’ म्हटल्याने भागत नाही. मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, कंदमूळ ही नावे एकेक करून, तीही पहिल्याच दिवशी सांगावी लागतात. संकोचाने गप्प राहिलेली पाहुणी एक तर नियम मोडते किंवा उपाशी राहते. आणि यजमानीण मात्र आपल्या हाताला चव नाही म्हणून खंत करीत बसते.

दुसरा प्रश्न घड्याळाचा. स्पेनमध्ये मुख्य जेवण दुपारी दोन-तीनच्या सुमारास होते आणि रात्रीचे नऊनंतर. १९४० पासून त्या देशाची घड्याळे मध्य युरोपाच्या वेळेप्रमाणे चालतात, त्यामुळे सूर्य तेथे उशिरा मावळतो. जूनमध्ये ग्रानादात सूर्यास्त साडेनऊच्या सुमारास होतो. रात्रिभोजनत्याग पाळणारीला तेव्हा थोडे लवकर वाढून घेतले की पुरते. डिसेंबरमध्ये मात्र सहाच्या सुमारासच दिवस संपतो आणि घरच्या जेवणाला अजून तीन तास असतात.

येथेच खरी कसोटी लागते. दिवस असतानाच फळे, दही आणि घरून नेलेली बिनलसणाची शेंगाचटणी भाकरीऐवजी पावाशी खाऊन ती आपल्या खोलीचे दार लावून घेऊ शकते. नियम पाळला जाईल. घर मात्र परकेच राहील. स्पॅनिश घरात जेवणानंतर मंडळी टेबलाशीच बोलत बसतात. या बसण्याला ‘सोब्रेमेसा’ असे स्वतंत्र नाव आहे. भाषा वर्गाइतकीच तेथेही शिकता येते: आजीच्या तक्रारींतून, मुलांच्या थट्टेतून, बाजारभावाच्या गप्पांतून. न जेवताही त्या टेबलाशी येऊन बसणे, ताटे मांडायला हात लावणे, हाच त्यातला मार्ग.

मोडनिंबच्या पेढीवर आलेला माणूस सौदा आटोपल्यावरही घटकाभर टेकतो. त्याने चहा नाकारला तरी चालते. तो न बसताच निघून गेला, तर मात्र घरधन्याच्या मनाला लागते. सात समुद्रांपलीकडच्या टेबलालाही हाच न्याय लागू आहे. व्रत ताटापुरते असते. स्नेहाला त्याची आडकाठी नसते. हे ज्या मुलीला उमगले, तिला ग्रानादात दुसरे माहेर मिळते.